तुझ्या नावानं

त्रिशलावहिनी पडद्याआडून बाहेर आल्या त्या दोन्ही हात कोपरात दुमडून. दोन्ही कोपरांत कापसाचे बोळे. सातव्या महिन्याचं पोट पुढं आणि हात असे वर घेतलेले, त्यामुळे वरातीत नाचायला निघालेल्या एखाद्या बाईसारख्या त्या दिसत होत्या. उलट्यांनी माझा जीव अर्धा झाला होता, तरी मला हसू आलं.

"दोन्ही हात?" मी विचारलं.

"एकात शीर घावली नाही. मग दुसऱ्यात टोचलं. चल, आटपलं."

"आणि माझं?"

"तुझं नको म्हणाले. उलटी झाली की उपयोग नाही म्हणे. लागलं तर डॉक्टर सांगतील. चप्पल घाल."

मी चप्पल घातली. परत ते साखरेचं पाणी प्यायला लागणार नाही, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

आम्ही साखर कारखान्याच्या कॉलनीत राहायचो. सासरे कारखान्यात चीफ केमिस्ट. त्यांना सगळे अण्णा म्हणत. उसाच्या रसात साखर किती हे त्यांनी आयुष्यभर मोजलं होतं, पण माणसाच्या रक्तातली साखरही मोजतात यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. "एवढ्याशा नमुन्यात काय कळणार," ते म्हणायचे. "आमच्याकडं रस बादलीनं असतो." गळीत हंगामात कॉलनीभर मळीचा वास पसरायचा. पाहुण्यांना तो सहन व्हायचा नाही आणि आम्हाला तो गेला की चुकल्यासारखं वाटायचं. कुणाकडं चहात साखर कमी पडली तर ते घर कारखान्याविरुद्ध आहे असं अण्णा समजत.

अशा घरात आम्ही दोघी जावा एकाच वेळी गरोदर होतो. थोरल्या त्रिशलावहिनींचं दुसरं. माझं तिसरं म्हणायचं, पण आधीची दोन्ही तिसऱ्या महिन्यापुढं गेली नव्हती, म्हणून मोजताना घरातले सगळे अडखळायचे. सासूबाई, म्हणजे आक्का, माझ्याजवळ आल्या की आवाज उतरवायच्या. जणू मी काचेची बरणी आणि जोरात बोललं तर तडकेन. माझा नवरा भरतेश तर खोलीत चवड्यांवर चालायचा. या वेळचं मूल टिकलं होतं. सातवा महिना लागला होता, पोटात लाथा बसत होत्या, आणि प्रत्येक लाथेला मी आतल्या आत हिशेब चुकता केल्यासारखी सुटकेचा श्वास सोडत होते.

एकट्या वहिनीच माझ्याशी नेहमीच्या आवाजात बोलायच्या.

वहिनी दहावीपर्यंत शिकलेल्या. मी एम.ए. होते, कारखान्याच्या कॉलेजात मराठी शिकवायची आणि उपासाच्या बाबतीत अत्यंत कच्ची होते. लग्नानंतरच्या पहिल्याच पर्युषण पर्वात दुपारी मला घेरी आली. घर जैनाचं, उपास म्हणजे उपास, त्यात वरीचे तांदूळ नाहीत की साबुदाणा नाही. वहिनींनी मला स्वयंपाकघराच्या दाराआड बसवलं, ताटात दहीभात वाढला आणि म्हणाल्या, "तू खा. तुझा मी धरते."

"तुमचा स्वतःचा आहे की आज."

"असू दे. माझा बी होईल, तुझा बी होईल."

एका पोटात दोघींचे उपास. संध्याकाळी आक्कांनी विचारलं, "विभाचा झाला का उपास?" वहिनी म्हणाल्या, "झाला." त्यांना आपण खोटं बोललो असं वाटलं नाही. झाला होताच की. कुणी का केलेला असेना.

मग ती पद्धतच पडली. माझ्या नावानं त्या उपास धरायच्या, माझ्या नावानं देवळात माळ ओढायच्या, माझ्या नावानं एक वेळ जेवायच्या. माझी आधीची दोन गेली तेव्हा माझ्या नावानं मीठ सोडून बसल्या होत्या. एका चातुर्मासात कॉलनीजवळच्या देवळात महाराज आले. त्यांनी सबंध प्रवचन एकाच गोष्टीवर दिलं: आपलं कर्म दुसऱ्याला देता येत नाही आणि दुसऱ्याचं आपल्याला घेता येत नाही, ज्याचं त्यालाच फेडावं लागतं. वहिनी पहिल्या ओळीत बसून मान डोलावत होत्या. घरी येताना म्हणाल्या, "किती छान फोड करून सांगितलं. उद्याचा तुझा मी धरते. तुला परीक्षेचे पेपर तपासायचेत."

डॉक्टर मिरजेचे. त्या गावात दवाखाने इतके, की धडधाकट माणसालाही आपल्याला काहीतरी झालं असावं असं वाटायला लागतं. त्यांनी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं होतं, "गरोदरपणात काही जणींची साखर तेवढ्यापुरती वाढते. बाईला काही कळत नाही. पोटातल्याला कळतं. म्हणून ही तपासणी. वाढलेली निघाली तर घाबरायचं नाही, जेवण सांभाळायचं, लागलं तर इंजेक्शन घ्यायचं. पण आधी कळायला पाहिजे."

"आमच्या घरात साखरच साखर आहे," वहिनी म्हणाल्या. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी ती कोटी बहुतेक दिवसाला दहा वेळा ऐकली असावी.

तर त्या सकाळी आम्ही दोघी उपाशीपोटी कारखान्याच्या जीपमधून मिरजेला आलो. दवाखान्याच्या मागच्या बाजूला तपासणीची खोली होती. एक लांब बाक, एक पडदा, पडद्याआड खुर्ची. रक्त घेणारी मुलगी दोन ग्लास घेऊन आली.

"एका दमात प्यायचं. मग दोन तास बसून राहायचं. खायचं नाही, फिरायचं नाही. उलटी झाली तर रद्द. परत दुसऱ्या दिवशी उपाशी यायचं."

"लिंबू पिळलंय का गं?" वहिनींनी विचारलं.

"लिंबू घरून आणायचं असतं."

"मग सांगायचं नाही होय. आमच्याकडं झाडाला लागलेत."

वहिनींनी ग्लास उचलला आणि लग्नाच्या पंगतीतलं सरबत प्यावं तसा रिकामा केला. मी दोन घोट घेतले. पाणी इतकं गोड होतं की जिभेला कडू लागलं. मला सहा महिने साधा वरणभात ठरत नव्हता.

"बत्ताशाचं पाणी समज," वहिनी म्हणाल्या. "पी. डोळे मिट आणि पी. कॉलेजात पोरांना गप्प बसवतीस, एवढं पाणी तुला गप्प बसवता येईना?"

मी प्याले. थोड्या वेळानं बाहेर जाऊन सगळं नाल्यात ओकले. वहिनी मागोमाग आल्या, माझे केस मागं धरले, पदरानं तोंड पुसलं.

"सांगायला पाहिजे त्यांना," मी म्हणाले. "रद्द झालं."

"बस आधी."

"परत यावं लागणार."

"परत उपाशी? परत हेच पाणी?" वहिनींचा आवाज पहिल्यांदाच आक्कांसारखा खाली आला. "विभा, तुझ्या अंगात काय राहिलंय? गेल्या दोन वेळी काय झालं ते मी बघितलंय. तुला परत उपाशी आणून हे पाजायचं आणि पोटातल्याला धक्का बसला म्हणजे?"

"मग काय करायचं?"

"तू बस. मी बघते."

त्या आत जाऊन आल्या आणि शेजारी टेकल्या. काय बोललात असं मी विचारलं नाही. वहिनी 'मी बघते' म्हणाल्या की आमच्या घरात पुढचं कुणी विचारत नसे.

मग आम्ही त्या बाकावर बसून राहिलो. समोरच्या बाईचा नवरा तिला वारा घालत होता आणि मधूनमधून स्वतःलाच घालत होता. वहिनींनी नावांचा विषय काढला.

"मुलगी झाली तर चंदना ठेवायचं मी ठरवलंय. तू काय?"

"काही ठरवलं नाही."

"भितीस होय ठरवायला?"

त्यांनी माझा हात आपल्या मांडीवर घेतला.

"दोघींना पाळणा एकच पुरेल," त्या म्हणाल्या. "शिफ्ट लावू. तुझं रात्रपाळीला, माझं दिवसपाळीला. आणि दुधाचं तर बघायलाच नको. एकीला नाही आलं तर दुसरी पाजेल. दोन्ही पोरं आक्कांना एकसारखीच दिसणार, त्यांचा चष्मा काय कामाचा."

मला हसता हसता पुन्हा ढवळलं. मी उठून बाथरूमकडे गेले. नळ सोडून बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिले. परत आले तेव्हा बाकावर आमच्या दोन पिशव्या होत्या आणि वहिनी पडद्याआड. मग त्या बाहेर आल्या, दोन्ही हात दुमडून.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी माझे कागद चाळले आणि म्हणाले, "सगळं ठीक आहे." डॉक्टर हे वाक्य ज्या आवाजात म्हणतात त्याच आवाजात म्हणाले. म्हणजे ती तपासणी नाही झाली तरी चालण्यासारखी असणार, असं मी समजले.

उलट्या थांबल्या. भूक लागायला लागली, आणि लागली ती अशी की घरादाराला सण झाला. आक्का गव्हाची गोड हुग्गी करायच्या, कॉलनीतल्या बायका डबे आणायच्या. अण्णा संध्याकाळी येताना कागदात बांधून ताजा गूळ आणायचे आणि माझ्या उशाशी ठेवायचे. माझं पोट वहिनींच्यापेक्षा मोठं दिसायला लागलं. "भरलंय बाळ," सगळ्या म्हणायच्या. वहिनी तर माझ्या पोटाला हात लावून म्हणाल्या, "हे माझ्या पोराला पाळण्यातून ढकलून देणार."

मला तहान फार लागायची. उन्हाळा होता. सगळ्यांनाच तहान लागत होती.

नवव्या महिन्यात एका दुपारी वहिनी माझ्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होत्या आणि माझ्या लक्षात आलं की सकाळपासून पोटात कुणी हललेलं नाही. मी वहिनींना सांगितलं. त्यांनी हातातली घडी खाली ठेवली, माझ्या पोटावर तळवा ठेवला आणि वाट बघितली. डाव्या बाजूला ठेवला. उजव्या बाजूला ठेवला. मग कान लावला. स्वतःचं पोट आड येत होतं म्हणून त्या गुडघ्यांवर तिरक्या बसल्या होत्या.

"झोपलं असेल," त्या म्हणाल्या. आणि तशाच उठून जीप काढायला सांगायला धावल्या. त्या पोटानिशी धावणारी बाई मी त्याआधी पाहिली नव्हती.

डॉक्टरांनी सोनोग्राफीचा पडदा माझ्याकडून हळूच आपल्याकडे वळवून घेतला. त्यानंतर मला कुणी काही सांगायची गरज उरली नाही, पण त्यांनी सांगितलं.

तिला जन्म तर द्यावाच लागला. मुलगी होती. नर्सनं उचलताना "केवढी भरलेली आहे गं" म्हटलं, सवयीनं. मग तिनं तिला पांढऱ्या कापडात अगदी नीट गुंडाळलं, जणू बाहेर गार असेल. भरतेशनं तिला घेतलं. तो तेव्हाही चवड्यांवरच चालत होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. मी खाटेवर, भरतेश खिडकीशी, वहिनी दारात चहाचा थर्मास घेऊन उभ्या. त्यांना आत या म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"काल तुमचं रक्त पाहिलं," डॉक्टर म्हणाले. "साखर फार वाढलेली आहे. त्यानं असं होऊ शकतं. त्यामुळंच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, पण होऊ शकतं." त्यांनी चष्मा काढला. "मला कळत नाही ते एवढंच, की सातव्या महिन्यात तुमचं रक्त अगदी नॉर्मल होतं. तुमचं आणि तुमच्या जाऊबाईंचं. दोघींचं जवळजवळ सारखंच."

माझं रक्त सातव्या महिन्यात कुणी घेतलंच नव्हतं.

नळाचं पाणी आठवलं. मी तोंडावर पाणी मारत असताना बाहेर कुणीतरी माझं नाव पुकारलं होतं. विभा मगदूम. मी नळ बंद करायला हात नेला होता, तेवढ्यात कुणीतरी 'ओ' दिली होती. ते नाव दुसऱ्या कुणाचं असेल असं समजून मी नळ सोडलेलाच ठेवला होता.

मी दाराकडे पाहिलं. वहिनींनी थर्मास खाली ठेवला होता. दोन्ही हात कोपरात दुमडून छातीशी घेतले होते, त्या दिवशीसारखे. मधे त्यांचं पोट होतं, आणि त्या पोटात बाळ हलत असणार, कारण त्यांनी एकदम खाली पाहिलं आणि मग पाहिल्याची लाज वाटावी तशी मान वर केली.

"तेव्हा काही घोटाळा झाला होता का?" डॉक्टरांनी मला विचारलं. "काही आठवतंय?"

"नाही," मी म्हणाले.

"असं होतं कधीकधी," डॉक्टर म्हणाले आणि चष्मा घातला.

मला दूध आलं. त्याला कुणी कळवलं नव्हतं. वहिनींनी एका जुन्या धोतराचे पट्टे फाडले आणि माझ्या छातीला घट्ट बांधले, रोज सोडून रोज पुन्हा बांधले. बांधताना त्यांचं पोट माझ्या पाठीला लागायचं. त्या श्वास ओढून ते आत घ्यायचा प्रयत्न करायच्या. त्या अवस्थेत पोट आत जात नसतं. मी काय विचारणार होते? त्यांनी काय केलं ते मला माहीत होतं, आणि का केलं तेही मला त्यांच्याइतकंच माहीत होतं. उत्तरं दोन्ही हातात असताना प्रश्न विचारायला फार मोठं काळीज लागतं. ते माझ्याकडे त्या उन्हाळ्यात नव्हतं.

पुढच्या महिन्यात चंदना झाली. छान, बेताची, रडकी. बारशाला कॉलनीभर पेढे वाटले. आक्कांनी वहिनींच्या तोंडापुढं पेढा धरला तेव्हा त्यांनी मान वळवली.

"मी साखर सोडली, आक्का."

"म्हणजे?"

"देवळात नियम घेतला. जन्मभराचा."

आमच्या लोकांत असं काहीबाही सोडतात. कुणी बटाटा सोडतं, कुणी रात्रीचं पाणी. पण साखर कारखान्याच्या चीफ केमिस्टच्या सुनेनं साखर सोडावी, ही गोष्ट कॉलनीत बरेच दिवस पुरली. अण्णांनी ती थोडी मनाला लावून घेतली. आक्कांना सूनबाईची सवय माहीत होती, म्हणून त्यांनी विचारलं, "कुणाच्या नावानं धरलास?"

"कुणाच्या नाही," वहिनी म्हणाल्या. "माझाच आहे."

मी पाळण्याची दोरी धरून बसले होते. मी वर पाहिलं नाही.

त्यानंतर त्यांनी कुणाच्याही नावानं एकही उपास धरला नाही. मला पुन्हा मूल झालं नाही. चंदना मोठी होत गेली. दर वर्षी तिच्या वाढदिवसाला वहिनी पहिला घास मला भरवायला लावायच्या, आणि तिच्याशेजारी त्याच उंचीची आणखी एक मुलगी उभी आहे असं मला एकटीलाच दिसायचं. एकटीलाच, असं मी बरीच वर्षं समजत होते. मग एकदा पाहिलं, वहिनी दिवाळीला चंदनासाठी परकर शिवायला टाकताना कापड दुप्पट घेत होत्या. उरलेलं त्या घडी करून कपाटात ठेवायच्या. कशाला ठेवता असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "असू दे, लागतं."

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. चंदना आता कोल्हापूरला असते, तिला सहावा संपतोय.

"उद्या तिची ती साखरेची तपासणी आहे," वहिनी म्हणाल्या. "तू जा तिच्यासंगं."

"तुम्ही नाही येत?"

"नको. तू जा."

मी गेले. आता ते पाणी संत्र्याच्या चवीचं मिळतं. एसी असतो, भिंतीवर टीव्ही असतो, आणि त्यावर नेमका पाककृतींचा कार्यक्रम लागलेला असतो. चंदनानं अर्धा ग्लास संपवला आणि तोंड वाकडं केलं.

"काकू, मला होणार नाही हे. ओकणार मी."

"एकेक घोट घे. नाकानं श्वास घे. मी लिंबू आणलंय, वास घे."

"लिंबू?" ती हसली. मग माझ्या खांद्याला टेकून लाडात म्हणाली, "तू दे की गं तुझं रक्त माझ्याऐवजी. तुला काय, तुझी साखर एकदम बेस्ट असते. कुणाला कळतंय?"

"पोटातल्याला कळतं," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी का रडते आहे हे तिला समजलं नसावं. पण तिनं उरलेला ग्लास डोळे मिटून प्यायला आणि ठेवला पोटात.

दोन तासांनी तिचं नाव पुकारलं. मी तिच्याबरोबर आत गेले. बाहेर थांबा असं तिथल्या मुलीनं दोनदा सांगितलं, तरी थांबले नाही. चंदनाचा डावा हात पुढं झाला, सुई गेली, नळीत रक्त चढलं. कापसाचा बोळा लावून तिनं तो हात दुमडला. एकच हात.

बाहेर आलो तोवर फोन वाजायला लागला होता.

"झालं?"

"झालं, वहिनी."

"उलटी?"

"नाही झाली. सगळं राहिलं पोटात."

फोनवर पंख्याचा आवाज येत होता. मग त्यांनी विचारलं, "रक्त तिचंच दिलं ना?"

इतक्या वर्षांत त्या गोष्टीबद्दल आमच्यात झालेलं हे पहिलं बोलणं.

"तिचंच," मी म्हणाले. "मी समोर उभी होते."

"तू समोर उभी होतीस," त्या म्हणाल्या. त्या रडत असाव्यात, पण वहिनी रडतात तेव्हाही आवाज करत नाहीत, म्हणून नक्की सांगता येत नाही.

"वहिनी, चहा घेतला का सकाळपासून?"

"कुठला. तुझ्या फोनची वाट बघत होते."

"आता घ्या. आणि आज चमचाभर साखर घाला. माझ्यासाठी घाला."

"तुझ्यासाठी घातली असती गं," त्या म्हणाल्या. "पण हा नियम माझ्या नावाचा आहे."